लांबलचक प्लेलिस्ट चाळावी कशावर: फोन की संगणक?

दिवाळीच्या आवराआवरीत पुतण्याने विचारले, “काका, फोनवर सगळं दिसतं, मग हे धूड कशाला ठेवायचं?” धूड म्हणजे माझा जुना डेस्कटॉप संगणक. त्याच्या प्रश्नात तथ्य होते, कारण आमच्या घरात त्या संगणकाचा उपयोग आता जवळजवळ एकाच कामापुरता उरला आहे: यूट्यूबवरची केळी लागवडीची एक लांबलचक प्लेलिस्ट, म्हणजे व्हिडिओंची यादी, चाळणे. जळगाव जिल्ह्यातल्या रावेर तालुक्यात आमची केळीची बाग आहे आणि लागवडीपासून कापणीपर्यंत जी काही अडचण येते, तिचे उत्तर त्या यादीत कुठेतरी असतेच, असा माझा अनुभव आहे. प्रश्न फक्त त्या ‘कुठेतरी’चा आहे. यादीत तीनशेच्या आसपास व्हिडिओ आहेत. ती मी दोन हंगाम फोनवर चाळली आणि त्यानंतर दोन हंगाम संगणकावर. ज्यांच्यापुढे हाच निर्णय आहे, त्यांच्यासाठी हा अनुभव मांडतो.

सुरुवातीला एक गैरसमज दूर केलेला बरा, कारण माझाही तो बरेच दिवस होता. यूट्यूबवर जे फिल्टर मिळतात, म्हणजे अमुक काळातले, अमुक मिनिटांचे, फक्त प्लेलिस्ट वगैरे, ते शोधाच्या निकालांना लागू होतात; उघडलेल्या प्लेलिस्टच्या पोटात ते चालत नाहीत. यादीत लहान उभे व्हिडिओ आणि नेहमीचे व्हिडिओ एकत्र असतील, तर ते वेगळे करून दाखवणारी बटणे कधी कधी वर दिसतात, पण ‘या तीनशेंतले करपा रोगाविषयीचे तेवढे दाखव’ असे यादीला सांगण्याची सोय फोनवरही नाही आणि संगणकावरही नाही. वाहिनीच्या मुख्य पानावर संगणकावर एक भिंग दिसते, त्यातून त्या वाहिनीपुरता शोध घेता येतो, परंतु तो शोध संपूर्ण वाहिनीत होतो. भिंग सोडून मुख्य शोधपट्टीतच ‘जळगाव केळी’ असे टाकले, तर माझ्यासमोर बहुतेक वेळा बाजारभाव आणि २०१६ साली मिळालेल्या भौगोलिक मानांकनाच्या बातम्या येतात. बागेत उभ्या असलेल्या माणसाला त्यांचा त्या घडीला काही उपयोग नसतो.

क्रमाचेही तसेच आहे. यादीचा क्रम यादी करणाऱ्याच्या हाती असतो: जोडल्याच्या तारखेप्रमाणे, प्रकाशनाच्या तारखेप्रमाणे, सर्वाधिक लोकप्रिय आधी किंवा हाताने लावलेला. पाहणाऱ्याला तो बदलता येत नाही. माझ्या वापरातल्या यादीच्या कर्त्याने, ज्यांचे ज्ञान वादातीत आहे, नवे व्हिडिओ सर्वांत वर ठेवले आहेत. त्यामुळे पहिला भाग तळाशी आहे आणि नवा व्हिडिओ आला की सगळ्यांचे अनुक्रमांक एकाने सरकतात. आज ८४ व्या क्रमांकावर पाहिलेले पुढच्या आठवड्यात ८६ वर असते. खरे म्हणजे शेतकऱ्याला यातला कुठलाच क्रम नको असतो. केळीची लागवड दोन हंगामांत होते: मृगबाग जून-जुलैत लागते, कांदेबाग ऑक्टोबरच्या सुमारास. आपल्याला क्रम हवा असतो तो पिकाच्या वयाचा. रोप लावले, बुंध्याशी फुटलेली पिले कापली, निसवण झाली म्हणजे केळफूल बाहेर पडले, घड काढला. दोन वर्षांपूर्वीच्या जुलैतला व्हिडिओ या जुलैत कालच्या व्हिडिओपेक्षा अधिक कामाचा असू शकतो, आणि ही गोष्ट तारखेच्या कोणत्याही बटणाला कळत नाही.

आता फोनविषयी. फोनची बाजू लंगडी आहे असे मुळीच नाही. तो बांधावर सोबत येतो, ही एकच गोष्ट इतकी मोठी आहे की पुष्कळांचा निर्णय तिथेच व्हावा. बोलून मराठीत शोधता येते, आणि हात चिखलात असताना ही सोय किती मोलाची आहे हे मी सांगायला नको. पडद्याच्या उजव्या बाजूला दोनदा टिचकी मारली की दहा सेकंद पुढे जाता येते. बोट दाबून धरले की व्हिडिओ दुप्पट वेगाने धावतो, त्यामुळे सुरुवातीचे नमस्कार-चमत्कार सहज ओलांडता येतात. वीज गेली तरी फोन चालू राहतो. छोट्या यादीसाठी, म्हणजे अंगठ्याच्या चार-पाच ओढींत संपणाऱ्या यादीसाठी, मी आजही फोनच वापरतो आणि इतरांनाही तेच सुचवेन.

माझे मत फिरले ते एका पावसाळ्यात. श्रावणातली गोष्ट, आठवडाभर झड लागून नुकतीच उघडीप मिळाली होती. बागेच्या वरच्या अंगाला काही झाडांच्या कोवळ्या पानांवर पिवळसर पट्टे दिसले. आमच्याकडे असे काही दिसले की पहिली शंका हरण्याची येते. हा विषाणूजन्य रोग मावा ही कीड पसरवते आणि त्यावर औषध नाही; रोगट झाड मुळासकट उपटून नष्ट करणे हाच उपाय असतो. मात्र अन्नद्रव्यांच्या कमतरतेनेही पाने पिवळी पडतात, आणि हरण्या समजून निरोगी झाडे उपटणे हा स्वतःच्या हाताने करून घेतलेला तोटा. दोन्हींतला फरक पाने हातात धरून दाखवणारा एक व्हिडिओ त्या यादीत मी आदल्या वर्षी पाहिला होता. तो पुन्हा पाहायचा होता, एवढेच.

बांधावर उभा राहून मी यादी खाली ओढू लागलो. छोटी चित्रे सगळी सारखीच: हिरवी बाग, पिवळी अक्षरे, लाल बाण. शीर्षके लांब असल्याने फोनवर त्यांचे शेपूट कापले जाते आणि नेमका रोगाचे नाव असलेला भाग त्या शेपटात असतो. एक व्हिडिओ तोच वाटला म्हणून उघडला, तो नव्हता. मागे गेलो, तर यादी माझ्या फोनवर पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. पुन्हा ओढत खाली गेलो, दुसरा उघडला, तोही नव्हता, आणि यादी पुन्हा माथ्यावर. असे किती वेळा झाले ते मोजले नाही. शेजारच्या बागेतले गृहस्थ, मूळचे अमळनेरकडचे, येता-जाता विचारत होते, “भाऊ, सापडनं का?” तिसऱ्या वेळी त्यांनी विचारणे सोडले. हा दोष ॲपचा, माझ्या फोनच्या तोकड्या स्मृतीचा की त्या दिवशीच्या दुबळ्या नेटवर्कचा, याचा निवाडा करण्याइतके माझे ज्ञान नाही. आपल्या फोनवर तसे होत नसेलही. एकदा तपासून पाहावे. मला मात्र पाहिलेली जागा हरवणे हा त्रास असह्य झाला. पोथी वाचताना कुणी दर ओवीला पान मिटून पहिल्या पानावर आणून ठेवावे, तसा तो प्रकार होता.

घरी येऊन संगणक लावला. यादीचे पूर्ण पान उघडले आणि कंट्रोल व एफ या कळा एकत्र दाबून ‘हरण्या’ शोधले. काहीच नाही. इथे एक खुबी आहे, ती ठाऊक नसेल तर संगणकही फोनइतकाच हताश करतो. हे पान सुरुवातीला साधारण शंभर व्हिडिओच भरते. खाली जावे तसे पुढचे शंभर येतात. ब्राउझर शोधतो तो फक्त भरलेल्या भागात. म्हणून आधी एंडची कळ दाबत तळापर्यंत जायचे, सगळी यादी पानावर उतरू द्यायची आणि मगच शोधायचे. तसे केल्यावर चार ठिकाणी पिवळ्या खुणा दिसल्या, आणि त्यांतला तिसरा व्हिडिओ माझा होता. घड्याळ लावले नव्हते, परंतु चुलीवर ठेवलेला चहा उतू जाण्याच्या आत हे झाले.

या शोधाची मर्यादाही सांगितली पाहिजे. तो अक्षरे जुळवतो, अर्थ नाही. एकाच रोगाला कोणी हरण्या लिहितो, कोणी सीएमव्ही, कोणी कुकुंबर मोझॅक. करप्याचे सिगाटोका होते. आणि ‘ठिबक’चा पहिला स्वर काही जण दीर्घ लिहितात, तर काही जण सगळे शीर्षकच रोमन अक्षरांत लिहून मोकळे होतात. तेव्हा एका शोधाने समाधान मानू नये, तीन-चार नावे टाकून पाहावीत. शीर्षक बेजबाबदारपणे दिलेले असेल (‘ही चूक करू नका’ असे नुसते लिहिलेले व्हिडिओ मी पुष्कळ पाहिले आहेत), तर कुठलाच उपाय चालत नाही, आणि तिथे फोन व संगणक सारखेच.

एका जाणत्या वाचकाने मला मध्यंतरी दाखवून दिले की फोनच्या ब्राउझरमध्येही ‘पानात शोधा’ अशी सोय असते. ते खरे आहे, आणि ज्यांच्याकडे संगणक नाही त्यांनी ती अवश्य वापरावी. माझ्या हातून मात्र दुवा दाबला की ब्राउझर बाजूला राहतो आणि ॲपच उघडते, आणि तीनशे व्हिडिओ अंगठ्याने तळापर्यंत ओढणे हा व्यायाम मला फार दिवस जमला नाही.

संगणकाची दुसरी सोय टॅबची आहे, आणि माझ्या लेखी तिचे वजन शोधाच्या बरोबरीचे आहे. कंट्रोल दाबून व्हिडिओवर टिचकी मारली की तो वेगळ्या टॅबमध्ये उघडतो आणि यादी आपल्या जागी तशीच राहते. चार संशयित व्हिडिओ चार टॅबमध्ये उघडायचे, नको ते बंद करायचे. यादीतली आपली जागा कुठेही जात नाही. कळफलकाचेही फायदे आहेत. जे आणि एल या कळांनी दहा-दहा सेकंद मागे-पुढे जाता येते, अंकांच्या कळांनी व्हिडिओच्या दहाव्या-दहाव्या हिश्श्यावर उडी मारता येते. व्हिडिओ थांबवून स्वल्पविराम आणि पूर्णविरामाच्या कळा दाबल्या, तर चित्राची एकेक चौकट मागे-पुढे सरकते. पानावरचा पट्टा शिरेला समांतर आहे की कडेने पसरलेला आहे, हे मला अशा थांबवलेल्या चौकटीतच नीट दिसले. शिवाय चालू व्हिडिओवर उजवी टिचकी मारून ‘या क्षणाचा दुवा’ उचलता येतो, तो शेजाऱ्यांना व्हॉट्सॲपवर पाठवला की त्यांना वीस मिनिटे पाहावी लागत नाहीत, नेमका तो भाग समोर येतो.

टीव्हीविषयी फार लिहिण्यासारखे नाही. सगळ्या घराने मिळून पाहायचे असेल तर उत्तम, पण रिमोटने एकेक अक्षर निवडून ‘निसवण’ लिहून पाहा, म्हणजे पुढचे सांगावे लागणार नाही.

एवढे सगळे झाल्यावर मी जे केले ते खरे तर दोन्हींचा मेळ आहे. संगणकावर बसून त्या तीनशेंतले चाळीसेक व्हिडिओ निवडले आणि स्वतःची वेगळी यादी केली. स्वतःच्या यादीत क्रम आपल्या हाती असतो, म्हणून तो पिकाच्या वयाप्रमाणे हाताने लावला: आधी बेणे आणि टिश्यूकल्चरची रोपे, मग ठिबक, मग पिलांची छाटणी, आणि शेवटी घड व कापणी. रोगांचे व्हिडिओ सर्वांत वर ठेवले, कारण त्यांची घाई असते. यादी ‘अनलिस्टेड’ ठेवली, म्हणजे दुवा ज्याच्याकडे आहे त्यालाच ती दिसते. यूट्यूबवर एका यादीत ५,००० व्हिडिओ मावतात, पण चाळिसाच्या पुढे गेले की आपण मूळ दुखण्याकडे परत निघालो असे समजावे. ही छोटी यादी मी बांधावर फोनवरच उघडतो आणि तिथे फोनची माझी काहीही तक्रार नाही. व्हिडिओंचा क्रम फोनवरही बोटाने ओढून बदलता येतो. फक्त ओल्या अंगठ्याने एकदा माझी कापणी लागवडीच्या आधी गेली होती, तेव्हापासून ते काम मी टेबलाशी बसूनच करतो. आणखी एक दक्षता घ्यावी लागते. मूळ मालकाने एखादा व्हिडिओ काढून टाकला, तर तो आपल्याही यादीतून न सांगता दिसेनासा होतो. संगणकावर ‘उपलब्ध नसलेले व्हिडिओ दाखवा’ असा पर्याय आहे, त्याने निदान एक जागा रिकामी झाली आहे एवढे कळते.

ज्यांच्या याद्या लहान आहेत, ज्यांना ठरावीक दोन-तीन वाहिन्यांचे ताजे व्हिडिओच पाहायचे असतात आणि जुने शोधण्याची वेळ सहसा येत नाही, त्यांनी केवळ माझ्या सांगण्यावरून संगणक घेऊ नये. तो खर्च ठिबकच्या नळ्यांवर केलेला बरा. ज्यांच्या घरी संगणक आधीच आहे आणि यादी शंभराच्या पुढची आहे, त्यांनी तो मोडीत काढण्याआधी एकदा यादीचे पूर्ण पान तळापर्यंत नेऊन शोध घेऊन पाहावा. पुतण्याला मी तेच सांगितले. धूड कोपऱ्यातच राहिले आहे. फक्त श्रावणात ऐन वेळी वीज दगा देते म्हणून ते आता इन्व्हर्टरवर जोडून घ्यायचे आहे.