हवाई दलानंतर : एटीआर की एअरबस?

वीस वर्षांची सेवा झाली, पेन्शन पक्की झाली, की हवाई दलातल्या मालवाहू विमानांच्या वैमानिकापुढे दोन वाटा असतात: एटीआर विमानांनी छोट्या शहरांना जोडणारी प्रादेशिक कंपनी किंवा एअरबसची ए-३२० जेट विमानं उडवणारी मोठी कंपनी. डीजीसीए या नागरी विमान वाहतूक नियामकाच्या परीक्षा आणि नागरी परवाना दोन्हीकडे लागतोच. कॅप्टन व्हायला लागणाऱ्या एटीपीएल या वरच्या परवान्यासाठी उड्डाणाचे किमान १५०० तासही हवेत.

पगार आणि पुढची चढती कमान पाहिली तर ए-३२० सरस, यात वाद नाही.

पण हवाई दलाच्या एएन-३२ या मालवाहू विमानावर हात बसलेल्या माणसाला मी एटीआर ७२ सुचवेन. दोन्ही दुहेरी इंजिनांची टर्बोप्रॉप, म्हणजे पंख्यांवर उडणारी विमानं. एक इंजिन बंद पडलं की विमान कुठे ओढतं, हे त्याच्या पायांना आधीच ठाऊक असतं. एटीआरवर जळगाव, सोलापूर, सिंधुदुर्ग अशा छोट्या ठिकाणांच्या फेऱ्यांत वैमानिकाला दिवसातून अनेकदा विमान उडवावं आणि उतरवावं लागतं. पावसाळ्यात कोकणातले ढग खाली आले की अनुभवाचं खरं मोल कळतं. ए-३२० मध्ये मात्र साइडस्टिक (बाजूला बसवलेली छोटी नियंत्रण-दांडी) आणि संगणकाची सवय नव्याने लावावी लागते. ती लागते, वेळ जातो इतकंच.

एक बदल दोन्हीकडे सारखाच कठीण. एएन-३२ मध्ये नॅव्हिगेटर आणि फ्लाइट इंजिनिअर सोबत असतात. इथे कॉकपिटमध्ये दोघंच. शिवाय तुमच्याहून वयाने बराच लहान कॅप्टन डावीकडे बसलेला असू शकतो. विंग कमांडरला त्याचं ऐकावं लागतं, आणि ऐकायलाच हवं.