80 मिलिमीटरने लांबवलेला शाफ्ट : स्टुटगार्टजवळच्या एका वर्कशॉपचा अनुभव

1978 सालची बीएमडब्ल्यू आर 80/7 ही मोटारसायकल मी गेल्या हिवाळ्यात उघडली, तेव्हा मागचे चाक 80 मिलिमीटर मागे न्यायचे, एवढेच ठरले होते. चेनची गाडी असती तर स्विंगआर्म (मागचे चाक धरणारा, वर-खाली हलणारा दांडा) लांबवून चेनच्या दहा कड्या वाढवल्या असत्या आणि विषय मिटला असता. या गाडीत मात्र गिअरबॉक्सचा जोर मागच्या चाकाकडे नेणारा शाफ्ट स्विंगआर्मच्या उजव्या नळीतून, तेलात फिरतो. त्यामुळे नळी जितकी वाढेल नेमका तितकाच शाफ्टही वाढवावा लागतो.

हे काम मी ज्या छोट्या वर्कशॉपला दिले, त्यांचा रोजचा धंदा ट्रकचे आणि शेतीयंत्रांचे कार्डन शाफ्ट (इंजिनाचा जोर चाकांकडे नेणारे फिरते दांडे) दुरुस्त करण्याचा आहे; मोटारसायकल ते क्वचितच घेतात. त्यांचे नाव येथे देत नाही, कारण पुढे एक-दोन तक्रारी आहेत आणि त्यांतला निम्मा दोष माझा आहे.

पहिल्या भेटीतच मालकांनी लांबी किती वाढवायची हे विचारण्याआधी जुना शाफ्ट दोन व्ही-ब्लॉकवर ठेवला, मधोमध डायल गेज (बारीक वाक दाखवणारे काट्याचे मापक) लावला आणि तो हाताने सावकाश फिरवला. काटा शतांश मिलिमीटरच्या चार घरांत हलला. ‘मूळ माल सरळ आहे,’ एवढेच बोलून त्यांनी तो आकडा शाफ्टला बांधलेल्या चिठ्ठीवर लिहिला. माझे वडील कोल्हापूरच्या उद्यमनगरात आयुष्यभर लेथवर होते आणि कापण्याआधी न मोजणाऱ्या मिस्त्रीकडे काम देऊ नये, असे ते सांगत. मी तिथेच काम देऊन टाकले.

शाफ्ट मधोमध कापून, तुकडा घालून, दोन्हीकडे टोकाला टोक लावून वेल्डिंग करण्याची माझी कल्पना त्यांनी साफ नाकारली. कारण हिशेबातून कळते. इंजिनाचा टॉर्क (पिळण्याचा जोर) सुमारे 60 न्यूटन-मीटर असला, तरी पहिल्या गिअरचे गुणोत्तर 4.4 असल्याने शाफ्टवर 260 च्या पुढे येतो, आणि क्लच झटक्याने सुटला की क्षणभर त्याच्या कितीतरी पट. अखंड पोलाद हे सोसते. वेल्डिंगशेजारी तापून एकदम थंड झालेला पट्टा मात्र काचेसारखा ठिसूळ होतो आणि शाफ्ट तिथेच तुटतो. म्हणून त्यांनी युनिव्हर्सल जॉइंटचे (कोनात वळूनही फिरू देणाऱ्या सांध्याचे) पुढचे टोक आणि मागचे टोक मूळचेच ठेवले, मधला भाग क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाचा (आपल्याकडे ज्याला ईएन 19 म्हणतात त्या जातीचा) नवा बनवला आणि मूळ टोके लेथवर उतरवून नव्या भागाच्या भोकात दाबून घट्ट बसवली. म्हणजे शाफ्टचा सरळपणा त्या घट्ट बैठकीवर अवलंबून राहिला, आणि वेल्डिंगकडे फक्त जोर पेलण्याचे काम उरले.

वेल्डिंगच्या दिवशी मला थांबू दिले, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. जोड सुमारे 250 अंशांपर्यंत तापवून मगच टिग वेल्डिंग (वायूच्या आवरणात, टंगस्टनच्या टोकाने केलेले बारीक वेल्डिंग) सुरू झाले आणि नंतर शाफ्ट लोकरीसारख्या उष्णतारोधक कापडात गुंडाळून रात्रभर तसाच ठेवला. पण माझ्या मनात राहिली ती त्याहून लहान गोष्ट: वेल्डिंगचा अर्थिंग क्लॅम्प त्यांनी जोडाच्या शेजारीच, त्याच तुकड्यावर लावला. तो जॉइंटच्या पलीकडे लावला असता तर करंट युनिव्हर्सल जॉइंटच्या सुईसारख्या रोलर्समधून गेला असता, त्यांच्यावर बारीक ठिणग्यांचे खड्डे पडले असते, आणि हजार-दोन हजार किलोमीटरनंतर जॉइंट का खडखडतो, हे शोधत मी बसलो असतो.

लांब शाफ्ट वेगात, फिरवलेल्या दोरीसारखा मधोमध फुगतो, अशी भीती अनेकांना असते. ट्रकच्या दीड मीटरच्या शाफ्टबाबत ती रास्तच आहे. माझ्या गाडीत ताशी 100 किलोमीटरला शाफ्ट मिनिटाला साधारण 2,700 फेरे घेतो, आणि इतक्या आखूड शाफ्टचा धोक्याचा वेग त्याच्या खूप वर असतो. दोन जॉइंटांचे फोर्क (दुबेळके) एका रेषेत असावे लागतात, हा नियमही येथे गैरलागू, कारण या जुन्या रचनेत जॉइंट एकच आणि तोही स्विंगआर्म ज्यावर हलतो त्या पिव्होटपाशी आहे. 1980 च्या दशकाच्या शेवटी आलेल्या पॅरालिव्हर (बीएमडब्ल्यूची पुढची, दुहेरी सांध्याची रचना) गाड्यांत जॉइंट दोन असतात आणि मधे झटके शोषणारा रबराचा डॅम्परही असतो. तो शाफ्ट कापण्याच्या फंदात पडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

वेल्डिंगनंतर डायलवर 0.19 मिलिमीटर आले. त्यांनी प्रेसवर थोडेथोडे दाबत ते 0.07 वर आणले आणि मग जी 16 या दर्जाचे (फिरत्या भागांचा तोल किती अचूक हवा, हे सांगणारी एक श्रेणी) बॅलन्सिंग केले. बंद नळीत फिरणाऱ्या शाफ्टला वजन चिकटवणे धोक्याचे असल्याने जड बाजूचा धातू किंचित घासून तोल साधला. मोजमापाचा कागद बिलासोबत दिला. जोडाला चीर नाही ना, हे पाहणारी लाल रंगाची तपासणी मात्र मी आठवण करून दिल्यावर झाली. ट्रकवाल्यांना ती लागत नसेल, पण दोन चाकांच्या गाडीत ती न मागता व्हायला हवी.

खरी भानगड पुढे झाली. स्विंगआर्म मी दुसऱ्याच ठिकाणी, जिगमध्ये (भाग जागेवर पक्का धरणाऱ्या साच्यात) धरून लांबवून घेतला होता आणि या वर्कशॉपला फक्त ‘80’ हा आकडा दिला होता. मालकांनी आर्म घेऊन यायला एकदा सांगितले. मी कंटाळा केला आणि त्यांनीही पुन्हा आग्रह धरला नाही. शाफ्ट गिअरबॉक्सला जोडणारे चारही बोल्ट नवे घालून, ते सुमारे 40 न्यूटन-मीटरला आवळून गाडी रस्त्यावर आणली, तर पहिल्या 60 किलोमीटरमध्ये पायाखाली एक बारीक घरघर. तेल काढले तेव्हा पांढऱ्या ताटलीत ते रुपेरी दिसले. शाफ्ट बाहेर काढल्यावर नव्या, जाड झालेल्या भागावर नखाएवढा चकचकीत पट्टा उमटलेला होता, आणि नळीत छोटा आरसा घालून पाहिले तर वेल्डिंगचा ओघळ आतल्या बाजूला दोन-अडीच मिलिमीटर फुगलेला. आतला ओघळ घासून काढला, शाफ्टचा जाड भाग वर्कशॉपने दीड मिलिमीटरने उतरवून, पुन्हा बॅलन्स करून, पैसे न घेता परत दिला. तरीही आर्म समोर असल्याशिवाय शाफ्टला हात लावणार नाही, असे त्यांनी सुरुवातीलाच बजावायला हवे होते; पाचपैकी एक तारा मी त्यासाठी कापतो.

दोन आठवडे सांगून पाच लावले, हेही नोंदवतो. दर वाजवी होता.

जर्मनीत असा बदल वाहनाच्या कागदपत्रांवर चढवावा लागतो, नाहीतर गाडीची रस्त्यावरची परवानगीच रद्द होते. तपासणी अभियंत्याला मी काही कापण्याआधीच भेटलो होतो, आणि स्विंगआर्मचे वेल्डिंग प्रमाणपत्र असलेल्या वेल्डरकडूनच करून घ्यायला त्यांनीच सांगितले होते. महाराष्ट्रातल्या वाचकांनी लक्षात ठेवावे की मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे उत्पादकाच्या मूळ रचनेत असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही 2019 मध्ये तीच भूमिका घेतली आहे.

दुरुस्तीनंतर 3,200 किलोमीटर झाले. स्विंगआर्म लांब झाल्याने थ्रॉटल उघडताच गाडीची मागची बाजू वर उचलण्याची जुनी खोड बरीच कमी झाली आहे. गेल्या रविवारी तेल पुन्हा काढून त्याच ताटलीत पाहिले. ते स्वच्छ होते.