धुक्यातली पहाट: कळसूबाई की कोकणकडा?

पावसाळा सरता सरता दरवर्षी हाच वाद. सूर्योदय टिपायला कळसूबाईवर जायचं की हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर?

कळसूबाई १६४६ मीटर, राज्यात सर्वांत उंच. पायथ्याच्या बारी गावातून रात्रीच चढायला लागायचं, बॅटरीच्या उजेडात लोखंडी शिड्या पार करायच्या. वर सूर्य थेट समोर उगवतो, त्यामुळे धुक्यातून वर आलेल्या डोंगरांच्या काळ्या कडा एकामागे एक दिसतात. इथे वाइड लेन्स लावून सगळं फुकट घालवू नका. ७०-२०० मिमीची टेलिफोटो लेन्स लावा, डोंगरांचे थर जवळ येतात. धुकं पांढरं असल्याने कॅमेरा फसतो आणि फोटो राखाडी येतो. सूर्य फ्रेममध्ये नसेल तर एक्स्पोजर एक स्टॉप, म्हणजे उजेड दुप्पट, वाढवा. शनिवार-रविवारी मात्र माथ्यावर ट्रायपॉड टेकवायला जागा मिळाली तर नशीब.

कोकणकडा पश्चिमेकडे तोंड करून आहे. म्हणजे सूर्य पाठीमागे, आणि तोही मागचे डोंगर ओलांडून उशिराच कड्यावर पोचतो. आधी निराशा होते. पण दरीत दाट धुकं भरलेलं असेल आणि ऊन पाठीवर पडलं, तर समोरच्या धुक्यावर आपलीच सावली आणि तिच्याभोवती रंगीत गोल कडं दिसतं: इंद्रवज्र. पोलरायझर (चमक कमी करणारा फिल्टर) काढून ठेवा, कडं पुसट होऊ शकतं. दरीतून वर येणाऱ्या धुक्याने लेन्स दर दोन मिनिटांनी ओली होते; माझा पंचा कॅमेऱ्यापेक्षा जास्त कामाला आला.

हमखास फोटो हवा असेल तर कळसूबाई. मला विचाराल, तर पायथ्याच्या पाचनई गावामार्गे कोकणकडाच, दोनदा रिकाम्या हाताने परतूनही.