तपकीर गल्लीतला मोबाइलवाला: पाचपैकी चार तारे, एक चिकटपट्टीपायी कापला

पार्किंग नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुण्यात बुधवार पेठेत गाडी घालणाऱ्याचा निम्मा राग शेवटी दुकानदारावर निघतो. मेट्रोने मंडईला उतरा आणि चालत जा. तपकीर गल्लीत शिरलात की दोन्ही बाजूंना दिव्यांच्या माळा, वायरची भेंडोळी, होल्डर, पंख्याचे कपॅसिटर. त्यातच एका जिन्याखाली चार फुटांचं काउंटर, वर काच, समोर एक स्टूल. स्टुलावर आधीच कुणीतरी बसलेलं असतं. तेच दुकान. पाटीवर नुसतं ‘मोबाइल रिपेअरिंग’ आहे, त्यामुळे नाव सांगायचा प्रश्नच नाही.

मी गेली ११ वर्षं आयटी सपोर्टमध्ये आहे. हिंजवडीला सर्व्हिस डेस्कवर. पासवर्ड रीसेट, अकाउंट लॉक, व्हीपीएन चालत नाही, प्रिंटर दिसत नाही. दिवसभर लोकांना ‘एकदा रीस्टार्ट करून बघता का’ असं विचारायचा मला पगार मिळतो, आणि घरी आल्यावर तेच काम फुकटात करते. सासूबाईंच्या सोसायटीतल्या निदान सहा जणींकडे माझा नंबर आहे. तेव्हा हा रिव्ह्यू गिऱ्हाइकाचा कमी आणि त्याच धंद्यातल्या बाईचा जास्त समजा. दुसऱ्याचा सपोर्ट कसा आहे हे आम्ही हॉटेलात गेलेल्या आचाऱ्यासारखं बघतो.

दोन फोन घेऊन गेले होते. एक माझा, २०२१ मध्ये घेतलेला. ४० टक्के दाखवता दाखवता एकदम बंद पडायचा आणि मागचं झाकण एका कोपऱ्यातून उचललं गेलं होतं. दुसरा आईचा. तो चार्जच होत नव्हता.

माझा फोन आधी कंपनीच्या अधिकृत सेंटरला दाखवला होता. तिथे टोकन, एसी, पाण्याचा कूलर, सगळं व्यवस्थित. ४० मिनिटांनी काउंटरवरच्या मुलाने फोनला हात न लावता सांगितलं की या मॉडेलची बॅटरी आता येत नाही, एक्सचेंजमध्ये १,८०० मिळतील, नवीन बघा. चार वर्षांचा फोन! स्क्रीनवर चरा नाही, १२८ जीबीतली निम्मी जागा रिकामी, आणि म्हणे बॅटरी येत नाही. युरोपीय संघाने जून २०२५ पासून विकायला येणाऱ्या फोनसाठी नियम केलाय की मॉडेलची विक्री थांबल्यावरही सात वर्षं सुटे भाग मिळाले पाहिजेत, आणि बॅटरीत ८०० वेळा पूर्ण चार्ज केल्यानंतरही निदान ८० टक्के जीव उरला पाहिजे. आपल्याकडे डिसेंबर २०२२ मध्ये राइट टू रिपेअरचं, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं, सरकारी पोर्टल आलं, त्यावर कंपन्यांची दुरुस्तीची माहिती एका जागी मिळते. पण माहिती मिळणं वेगळं आणि बॅटरी मिळणं वेगळं. बॅटरी मला जिन्याखाली मिळाली.

काउंटरवरच्या दादांनी फोन हातात घेतला, पण लगेच उघडला नाही. आधी तीन प्रश्न. “पडलाय का? पाण्यात गेलाय का? याआधी कुणी उघडलाय का?” बस. आमच्याकडे नव्या पोराला हे शिकवायला तीन आठवड्यांचं ट्रेनिंग असतं, पुढ्यात स्क्रिप्ट असते, तरी तो पहिल्याच कॉलला ‘मॅडम, विंडोज परत टाकावं लागेल’ म्हणून मोकळा होतो. या माणसाने प्रश्न विचारले, उत्तरं ऐकली, फोन कानाशी नेऊन हलकेच हलवला आणि म्हणाला, “बॅटरी फुगलीय. चार्जिंगला लावू नका आता. दोन मिनिटं थांबा, या पोराचं होऊ दे.”

‘हे पोर’ म्हणजे स्टुलावर बसलेला डिलिव्हरीवाला. त्याच्या फोनचा कॅमेरा थरथरत होता, शब्दशः. स्क्रीनवरचं चित्र पाण्यात बघितल्यासारखं हलायचं आणि क्यूआर स्कॅन व्हायचा नाही. कारण मला ठाऊक होतं, पण इतक्या जवळून पहिल्यांदाच पाहिलं. फोटो हलू नये म्हणून कॅमेऱ्यात लेन्स तरंगती ठेवलेली असते. फोन दिवसभर बाइकच्या हँडलला लावला की इंजिनाच्या थरथरीने तीच यंत्रणा कामातून जाते. ॲपलने २०२१ मध्ये याबद्दल सावधगिरीची सूचनाच काढली होती. दादांनी सूचनाबिचना वाचली असेल असं वाटत नाही. ते त्याला एवढंच म्हणाले, “मॉड्यूल बदलून देतो, पण हँडलला लावत राहिलास तर चार महिन्यांनी परत येशील.” पोरगा म्हणाला, “मग मॅप कुठे बघू?” त्याला उत्तर नव्हतं. नवीन कॅमेरा बसला, पैसे झाले आणि पोरगा फोन परत हँडललाच अडकवून निघून गेला.

मग माझा नंबर. फोन गरम प्लेटवर पालथा ठेवला, झाकणाखालचा गोंद सैल व्हावा म्हणून. गिटार वाजवायची असते तसली प्लॅस्टिकची टिकली घेतली आणि कडेकडेने फिरवत नेली, करंजीची कड सोडवावी तशी. झाकण निघालं. स्क्रू एकेक करून लोहचुंबकाच्या चटईवर, ज्या जागेवरून काढले त्याच आकारात मांडले. माझं लक्ष तिथेच होतं, कारण एक लांब स्क्रू आखूड स्क्रूच्या जागी गेला तर बोर्डला भोक पडतं. आधी बॅटरीची बोर्डला जोडलेली पट्टी सोडवली, मग बाकीचं. बॅटरी खालून चिकटवलेली होती. इंजेक्शनच्या सिरिंजमधून स्पिरिटचे चार-पाच थेंब कडेने सोडले, थांबले, आणि सपाट पट्टीने सावकाश उचलली. स्क्रूड्रायव्हर खुपसला नाही. याचा मी मनातल्या मनात अर्धा तारा जास्त दिला, कारण फुगलेल्या बॅटरीला भोक पडलं तर ती तिथल्या तिथे पेट घेऊ शकते.

मी विचारलं, “फुगलीय हे नक्की कसं कळतं?” खरं तर दिसतच होतं, पण आमच्या धंद्यात पुरावा मागायची सवय. ते काही बोलले नाहीत. जुनी बॅटरी काउंटरच्या काचेवर ठेवली आणि कोपऱ्याला टिचकी मारली. ती गरागरा फिरली, भोवऱ्यासारखी. मग नवी ठेवली, टिचकी मारली. ती जागच्या जागी दोन बोटं सरकली आणि थांबली. पोट आलेली बॅटरी मधल्या फुगवट्यावर तोलली जाते, म्हणून फिरते. सपाट बॅटरी कशी फिरेल? अकरा वर्षांत मी कुणाला एखादी गोष्ट इतक्या कमी शब्दांत समजावून दिलेली नाही. जुनी बॅटरी वाळूच्या पत्र्याच्या डब्यात गेली.

नवी बॅटरी बसवून छोटा मीटर लावला, किती व्होल्टवर किती अँपिअर जातात ते मला दाखवलं. झाकण परत चिकटवून वर चार क्लिपा लावल्या आणि अर्ध्या तासाने न्या म्हणाले. एक गोष्ट न विचारता सांगितली: “आता हा पाण्यात पहिल्यासारखा टिकणार नाही. कंपनीचं सील गेलं.” सेंटरमध्ये सुद्धा हे कुणी सांगत नाही.

आता आईचा फोन. हे लिहायची लाज वाटते, पण लिहिते.

आई सासवडला असते. दोन आठवडे मी तिला फोनवर सपोर्ट देत होते, म्हणजे बाबांच्या फोनवरून. केबल बदलून बघ. झालं. दुसऱ्या प्लगमध्ये लाव. झालं. रीस्टार्ट कर. तो बंदच आहे गं, रीस्टार्ट काय करू. मग ९०० रुपयांचा नवीन चार्जर मागवून दिला. त्यानेही नाही. चार्जिंग पोर्ट गेला, सब-बोर्ड (तो पोर्ट ज्यावर बसवलेला असतो तो छोटा बोर्ड) बदलावा लागेल, असं निदान मी ऑफिसमध्ये बसून केलं आणि दादांना तेच ठणकावून सांगितलं, त्यांच्याच धंद्यातली असल्यासारखं. “सब-बोर्ड गेलाय, बदलून टाका.”

त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, फोन दिव्याखाली तिरका धरला आणि बारीक चिमट्याने चार्जिंगच्या भोकातून काहीतरी ओढून काढलं. करड्या रंगाची, दाबून दाबून घट्ट झालेली वडीच होती ती. बोटांत चुरून वास घेतला. “ताई, पीठ आहे. बाजरीचं असेल.” आईचा फोन ओट्यावर, डब्यांच्या शेजारी उभा असतो, भाकरी थापताना कीर्तन ऐकायला. पीठ, पदराचे धागे आणि थोडं तेल, सगळं दोन वर्षं आत बसत गेलं आणि केबलची पिन तळापर्यंत पोचेना. ब्रशने साफ केलं, केबल लावली, टक्कन बसली. चार्जिंगचं चिन्ह आलं.

पैसे विचारले तर म्हणाले, “याचे काय घ्यायचे?” माझ्याच तोंडून सब-बोर्डची ऑर्डर निघाली होती. होय म्हणून ७०० रुपये घेतले असते तर मला कधीच कळलं नसतं, उलट माझं निदान बरोबर आलं म्हणून मी खूश होऊन गेले असते. केबल खिळखिळी बसते का, अर्धीच आत जाते का, हा एक प्रश्न मी आईला दोन आठवड्यांत विचारला नव्हता. आता विचारते. ऑफिसातही विचारते, ‘चार्ज होत नाही’ची निम्मी टिकेटं, म्हणजे नोंदवलेल्या तक्रारी, तिथेच बंद होतात.

आता तारा का कापला ते.

काउंटरमागच्या खणात दुरुस्तीला आलेले आठ-नऊ फोन उभे लावलेले होते आणि प्रत्येकाच्या पाठीवर कागदी चिकटपट्टी. चिकटपट्टीवर काय? गिऱ्हाइकाचं नाव, मोबाइल नंबर आणि स्क्रीनलॉकचा पिन. पेनाने, ठसठशीत. १२३४. ०००७. दोन-तीन उघडउघड जन्मसालं. एकावर नऊ टिंबं काढून पॅटर्नचा ‘एल’ जोडलेला. स्टुलावर बसल्या बसल्या मला सगळं वाचता येत होतं. मॉनिटरला पासवर्डची चिठ्ठी लावू नका, हे लोकांना सांगण्यात माझं उभं आयुष्य गेलं, आणि इथे फोनच्याच पाठीवर किल्ली! यूपीआयचा पिन वेगळा असतो हे खरं, पण ओटीपी त्याच फोनवर येतात आणि गॅलरीत आधारकार्डाचा फोटो प्रत्येकाच्या असतोच.

माझाही पिन मागितला. मी दिला नाही. बॅटरी बदलायला तो लागत नाही, कॅमेरा आणि टॉर्च लॉक न उघडताही तपासता येतात. त्यांना राग आला नाही, “तुम्ही समोर बसताय ना, मग नको” एवढंच म्हणाले. मुद्दा बरोबर आहे, पण जे ठेवून जातात त्यांचं काय? तुम्ही जाणार असाल तर समोर बसून करून घ्या. फोन ठेवावाच लागला तर सिम काढून घ्या. सॅमसंगच्या बऱ्याच फोनमध्ये ‘मेन्टेनन्स मोड’ आहे, गूगलच्या पिक्सेल फोनमध्ये डिसेंबर २०२३ पासून ‘रिपेअर मोड’ आहे. तो चालू केला की तुमचे फोटो-मेसेज झाकलेले राहतात आणि कारागिराला तपासायला कोरा फोन मिळतो. दादांना हा मोड दाखवला. “बरं आहे हे,” म्हणाले. पण पुढच्या गिऱ्हाइकाच्या फोनवर पुन्हा चिकटपट्टीच लागली.

बॅटरीचे १,३०० घेतले, तीन महिन्यांची गॅरंटी. गॅरंटी म्हणजे बॅटरीवर मार्करने लिहिलेली तारीख, बिल नाही. बॅटरी ‘ओरिजिनल’ म्हणाले. या गल्लीत हा शब्द कंपनीची वस्तू, चांगली कॉपी आणि बरी कॉपी अशा तिन्हींना चालतो, त्यामुळे मी खोलात गेले नाही. दोन महिने झाले, सकाळी शंभर टक्के घेऊन निघते, रात्री ३५ घेऊन घरी येते.

क्लिपा निघायला वेळ होता तेव्हा त्यांनी विचारलं, “ताई, तुम्ही कॉम्प्युटरमध्ये ना?” हा प्रश्न मला लग्नात, ट्रेनमध्ये आणि एकदा दंतवैद्याच्या खुर्चीत तोंड उघडं असताना विचारला गेलाय. त्यांचं जीमेल उघडत नव्हतं. दहा वर्षांचे गिऱ्हाइकांचे नंबर त्यात अडकलेले. पासवर्ड विसरला, आणि ओटीपी जातो जुन्या नंबरवर. तो नंबर रिचार्ज न केल्यामुळे कधीच बंद झालेला. बंद नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्याला देता येतो, म्हणजे एव्हाना त्यांचे ओटीपी कुठल्या तरी अनोळखी माणसाला छळत असणार.

मी स्टुलावरून उठून काउंटरच्या आत गेले. अशा वेळी जुन्या ओळखीच्या फोनवरून आणि नेहमीच्या जागेवरून प्रयत्न केला तर गूगल जरा लवकर विश्वास ठेवतं, म्हणून खणातून त्यांचाच जुना, काच तडकलेला फोन काढायला लावला आणि दुकानाच्याच वायफायवर बसलो. आठवेल तो शेवटचा पासवर्ड टाका म्हटलं. त्यांनी माझ्याकडे पाठ फिरवून टाकला. चिकटपट्टीवर सगळ्या गावाचे पिन, आणि स्वतःचा पासवर्ड मात्र पाठ फिरवून! विनंती गेली, थोडे दिवस वाट पाहा असं उत्तर आलं.

शनिवारी नवऱ्याचा फोन घेऊन जायचंय, त्याच्या स्पीकरमधून आवाज येत नाही. मी आता काही निदान करून जाणार नाही. त्यांचं टिकेट अजून उघडं आहे, तेही बघेन.