हायड्रॉलिक रिलीज बेअरिंग की फोर्क?

ताकद वाढवलेल्या गाडीत जड प्रेशर प्लेट (क्लच प्लेट दाबून धरणारी स्प्रिंगची प्लेट) बसवताना अंधेरीच्या एका मित्राला हाच प्रश्न पडला आहे. पेडल दाबल्यावर प्रेशर प्लेटला ढकलून क्लच सोडवते ते रिलीज बेअरिंग; ते तेलाच्या दाबाने थेट सरकवायचे की फोर्क या तरफेने, असा हा प्रश्न.

सर्वांत मोठा फरक दुरुस्तीच्या कष्टांत आहे. हायड्रॉलिक बेअरिंग गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टभोवती, बेलहाउसिंगच्या (क्लचभोवतीच्या आवरणाच्या) आत बसते. त्यामुळे त्याचे सील गळू लागले की गिअरबॉक्स उतरवावाच लागतो आणि तेल क्लच प्लेटवर गेले असेल, तर तीही बदलावी लागते. फोर्कला ढकलणारा स्लेव्ह सिलिंडर बहुधा बाहेर असल्याने तो त्यामानाने सहज बदलता येतो, म्हणून मजुरी वाचते.

बसवतानाची अचूकताही हायड्रॉलिकलाच अधिक लागते. क्लच प्लेट झिजते तशी डायफ्रॅमची (प्रेशर प्लेटमधील स्प्रिंगची) बोटे बेअरिंगकडे सरकतात. म्हणून या दोहोंमध्ये उत्पादकाने सांगितलेले अंतर मोजूनच ठेवावे, अंदाज येथे चालत नाही. पेडलला ठरावीक जागी थांबवणारा अडथळा नसल्यास बेअरिंगचा पिस्टन मर्यादेबाहेर जाऊन सील निकामी होऊ शकते.

हायड्रॉलिकमध्ये फोर्क वाकण्याचा प्रश्न उरत नाही आणि दाब सरळ रेषेत पडतो. मात्र त्यात वापरले जाणारे ब्रेक ऑइल ओलावा शोषते, तेव्हा मुंबईच्या दमट हवेत ते वेळच्या वेळी बदलावे.

रोज पश्चिम द्रुतगती मार्गावरील कोंडीत क्लच दाबणाऱ्याने फोर्कच ठेवावा. गिअरबॉक्स बदलल्यामुळे फोर्कला जागाच नसेल किंवा गाडी केवळ ट्रॅकसाठी असेल, तर हायड्रॉलिक घ्यावे.