ऑपरेशन उत्तम, पण नंतर फोन कोण उचलणार? गुडघा बदलल्यानंतरचा काही महिन्यांचा अनुभव

आईचा उजवा गुडघा पावसाळ्याच्या तोंडावर रत्नागिरीतल्या एका खासगी रुग्णालयात बदलून घेतला. इम्प्लांट (आत बसवतात तो कृत्रिम सांधा) कुठलं, पॅकेज केवढं यावर लिहीत बसत नाही. २०१७ पासून इम्प्लांटच्या किमतीवर सरकारी मर्यादा आहे, तिथे घासाघीस करण्यासारखं फारसं उरलेलं नाही. सर्जनचा हात चांगला आहे. आई आज कठडा धरून पडवीच्या पायऱ्या उतरते. ऑपरेशनला पाचपैकी पाच.

माझी तक्रार डिस्चार्ज कार्डावरच्या शेवटच्या ओळीबद्दल आहे. 'त्रास झाल्यास संपर्क साधावा', आणि पुढे एक लँडलाइन नंबर.

टाके काढायच्या आधीच आईची पोटरी सुजली, दाबली की दुखायची. या ऑपरेशननंतर पायाच्या शिरेत गुठळी होऊ शकते आणि ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं. रक्त पातळ करणारी गोळी देतात ती त्यासाठीच. पोटरी सुजली तर ताबडतोब कळवा, असं त्याच कार्डावर छापलेलं होतं. संध्याकाळी फोन केला तर, "सर ऑपरेशन थिएटरमध्ये आहेत, नंतर करा." रात्री वॉचमनने उचलला. सकाळी रिसेप्शनवरून, "सूज असतेच हो, पाय उशीवर ठेवा." गोळी चालू आहे का, दम लागतोय का, एका पायाला सूज आहे की दोन्ही, एकही प्रश्न नाही.

आम्ही राहतो राजापूर तालुक्यातल्या नाटे गावात. गावातल्या डॉक्टरांनी पाय बघितला आणि डॉपलर (शिरांमधला रक्तप्रवाह बघणारी सोनोग्राफी) आजच करा म्हणाले. भर पावसात खासगी गाडी करून आडिवरे, पावसमार्गे रत्नागिरी गाठली. गुठळी नव्हती. गाडीभाडं आणि तपासणीचे पैसे गेले त्याचं वाईट वाटतंच, पण त्याहून संताप याचा आला की पेशंटला आणायचं की घरी ठेवायचं हे ज्यांनी सांगायला हवं होतं, त्यांच्यापर्यंत आमचा निरोपच पोचला नाही.

पुढच्या तपासणीला सर्जनना तोंडी सांगितलं. ते म्हणाले, "आता सगळं ठीक आहे ना? मग काळजी सोडा." बाहेर पेशंटांची रांग होती, विषय तिथेच संपला.

मग कागदावर लिहिलं. एकच पान. कुठल्या तारखेला किती वाजता फोन केला, काय उत्तर मिळालं, नंतर आम्हाला काय करावं लागलं. कोणाला दूषणं दिली नाहीत. खाली तीन मागण्या: रात्री उचलला जाणारा नंबर, फोन घेणाऱ्याजवळ धोक्याच्या लक्षणांची यादी, आणि आईच्या सगळ्या कागदपत्रांच्या प्रती. रुग्णाने मागितल्यावर कागदपत्रं ७२ तासांत द्यावीत, असं वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांत आहे, तेही नमूद केलं. दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्का घेऊन पोच ठेवली.

इथे मला माझं मत बदलावं लागलं. व्यवस्थापकांचा फोन आला, सर्जननी वेळ देऊन बसवून घेतलं आणि तो फोनचा प्रकार त्या वेळी आपल्यापर्यंत आलाच नव्हता म्हणाले. मला ते खरं वाटलं. आता वॉर्डातल्या सिस्टरांकडे एक मोबाइल असतो, जखमेचा फोटो पाठवला की उत्तर येतं. आईचा गुडघा नीट वाकत नव्हता, तेव्हा फिजिओनेही व्हिडिओ कॉलवर व्यायाम बघून दुरुस्त केला. एक फेरी वाचली. नंतरच्या काळजीला आधी एक गुण देणार होतो, आता तीन देतो.

उरलेले दोन कापले, कारण कार्ड अजून इंग्रजीतच आहे आणि त्यावर जुनाच लँडलाइन नंबर आहे. मोबाइल नंबर मागेल त्यालाच मिळतो. पाय सुजलेल्या बाईच्या घरात तो मागायचं कोणाला सुचणार? आम्ही भांडलो म्हणून आम्हाला मिळाला, शेजारच्या खाटेवरच्या आजींना मिळाला नसेल.

डावा गुडघाही करायचा आहे आणि तो याच सर्जनकडे करू. तारीख ठरवण्याआधी कार्डावर नवा नंबर मराठीत छापून घ्या, असं दुसरं पत्र देऊन आलोय. पोच घेतली आहे, उत्तर आलं की इथेच लिहीन.