मंगळवार पेठेतील तालीम: दीड वर्षाचा अनुभव

माझा अकरा वर्षांचा मुलगा गेले दीड वर्ष मंगळवार पेठेतील एका जुन्या तालमीत जातो. वस्तादांना जाहिरात नको असल्यामुळे तालमीचे नाव येथे लिहीत नाही. पेठेत कोणालाही विचारले तरी वाट दाखवतील. कोल्हापुरात मुलाला तालमीत घालण्यात नवल नाही, परंतु मी त्याला तेथे नेले ते पैलवान करण्यासाठी नव्हे. घरी कॅरममध्ये हरला तरी तो सोंगट्या उधळून देई आणि रात्री जेवत नसे. त्याआधीच्या एका उन्हाळी शिबिरात शेवटच्या दिवशी सगळ्याच मुलांना पदके वाटली गेली, आणि हरण्याची वेळच न आल्यामुळे तो गेला तसाच परत आला.

तालमीत पहिले दोन महिने डाव शिकवलेच नाहीत. पहाटे साडेपाचला हौदातील, म्हणजे कुस्तीच्या आखाड्यातील, लाल माती फावड्याने उकरायची, जोर आणि बैठका काढायच्या आणि पडायचे कसे ते शिकायचे, एवढेच होते. ताक, हळद, लिंबू आणि तेल घालून मळलेली ती माती मऊ असते. तरीही मान आत घेऊन, अंग सैल सोडून पडता आले नाही तर दुखापत होते, म्हणून पडणे नीट जमल्याशिवाय वस्ताद पुढे जात नाहीत.

गेल्या वर्षी गावच्या जत्रेत मुलाची पहिली कुस्ती लागली, रेवड्यांच्या बक्षिसाची. समोरच्या मुलाने एकेरी पट काढून, म्हणजे त्याचा एक पाय धरून खेचून, कब्जा घेतला आणि घिस्सा हा डाव मारून त्याला चितपट केले. सगळे मिळून मिनिटभरही लागले नसेल. मातीतल्या कुस्तीत पाठ टेकली की निकाल लागतो आणि तो चारी बाजूंनी बसलेल्या लोकांना दिसतो, त्यामुळे पंचांकडे बोट दाखवण्याची सोय फारशी उरत नाही. वस्तादांनी त्याच्या पाठीची माती झाडली, जिंकलेल्या मुलाशी हात मिळवायला लावले आणि त्या दिवशी दुसरे काहीच बोलले नाहीत. "नशीब नव्हतं" किंवा "पुढच्या वेळी नक्की जिंकशील" असे काहीतरी ते म्हणतील, अशी मी वाट पाहत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र त्यांनी त्याला हौदात उभे करून विचारले, "कशानं पडलास, ते करून दाखव." त्याला ते दाखवता येईना, कारण डोळे मिटून रडण्यात त्याने ते पाहिलेच नव्हते. मग जोडीच्या मुलाकडून तोच पट त्याच्यावर पुन्हा पुन्हा काढवून घेतला, आणि शेवटी त्याची तोड शिकवली: पाय झटकन मागे टाकायचे आणि अंगाचा भार समोरच्याच्या पाठीवर सोडायचा. मी दाराशी उभी राहून हे पाहिले. हरणे म्हणजे अपमान नसून बारकाईने पाहण्याची गोष्ट आहे, हे इतक्या कमी शब्दांत शिकवणारा माणूस मला दुसरा भेटलेला नाही.

भिंतीवर शाहू महाराजांच्या शेजारी मल्ल खाशाबा जाधवांचा फोटो आहे. खाशाबा इथल्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. वस्ताद मुलांना 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमधील कांस्यपदकाआधी 1948 ची लंडनची स्पर्धा सांगतात, जिथे खाशाबा सहावे आले होते. आणि पदक मिळाले त्या स्पर्धेतही जपान आणि सोव्हिएत संघाच्या मल्लांकडून ते हरले होते, हेही आवर्जून सांगतात. स्वतंत्र भारताच्या त्या पहिल्या वैयक्तिक ऑलिंपिक पदकात दोन पराभव आहेत, हे मला तेथेच प्रथम कळले.

उणिवाही आहेत. न्हाणीघर एकच आणि जुने आहे, पावसाळ्यात माती ओली राहिल्याने सरावात खाडे पडतात आणि मॅट नाही, त्यामुळे मॅटवरच्या स्पर्धांकडे लक्ष असलेल्या पालकांनी वेगळा विचार करावा. फी नाममात्र असली तरी दूध, तूप आणि बदामाचा खुराक घरखर्चात जाणवतो.

या वर्षीच्या जत्रेत त्याच मुलाशी पुन्हा जोड ठरली आहे. पटाची तोड आता त्याला पक्की येते. "पण तोही वर्षभर शिकलाय, तो दुसराच डाव टाकेल," असे परवा जेवताना त्याने स्वतःहून सांगितले आणि आणखी एक भाकरी मागितली.